औषधाची एकच बाटली

लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या काकांचा एका जुन्या कॉम्प्युटर गेमवर भारी जीव. गावोगाव हिंडून राज्य वाचवायचं, असा तो खेळ. विसाव्या वर्षी खेळलेला तो खेळ निवृत्तीनंतर त्यांनी पुन्हा लावला आणि मनात शंका आली, आपल्याला हा खेळ आवडतो की आपलं विसावं वर्ष? म्हणून त्यांनी काकूंना खेळायला बसवलं. काकूंनी जन्मात असलं काही खेळलं नव्हतं.

तासभर त्यांनी नुसती नावं ठेवली. "माणसं आहेत की ठोकळे? आणि दर चार पावलांवर कसली ही मारामारी!"

काकांचं तोंड एवढंसं झालं, कारण मारामाऱ्यांना आता तेही कंटाळले होते.

मग एका झोपडीत तापाने फणफणलेली विणकरीण भेटली. औषधाची बाटली एकच होती आणि काकूंचा खेळातला सोबतीही जखमी होता.

"अहो, हिला दिलं तर तो वाचेल का?"

"ते मी सांगणार नाही."

बराच वेळ विचार करून काकूंनी औषध विणकरणीला दिलं. पुढच्याच लढाईत सोबती गेला. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"तुम्ही कोणाला दिलं होतंत?"

"सोबत्याला," काका म्हणाले. "त्या झोपडीत मी कधी शिरलोच नव्हतो. तेव्हा लढायची घाई होती."