चूल पेटेपर्यंत

आमच्या आळीत कुणी गेलं की आक्का घरोघरी फिरू लागायच्या, आणि कुठेही बसायच्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून सांगायच्या, "संध्याकाळच्या दोन भाकरी टाका. पिठलं नंदाकडं हाय." पाणी विचारलं तर हातानेच नको म्हणायच्या आणि पुढच्या दाराशी जायच्या.

शिक्रापूर सोडून रांजणगावकडे निघालं की हमरस्त्याला लागून ही आळी आहे. पुढची घरं जुन्या शेतकऱ्यांची, मागे बौद्धांची, आणि आता जागा मिळेल तिथे कंपनीत जाणाऱ्या भाडेकरूंच्या खोल्या. महिला मंडळ सगळ्यांचं. संक्रांतीचं हळदीकुंकू, श्रावणात झिम्मा-फुगडी, वर्षातून एक सहल. या सगळ्याचे फोटो आहेत. आक्का जे काम करायच्या त्याचा फोटो कुणी काढत नाही. मयत झालेल्या घरात तिसऱ्या दिवशी सावडणं होईपर्यंत चूल पेटत नाही. तोवर त्या घरच्यांना आणि आलेल्या पाहुण्यांना जेवू घालणं आळीकडे असतं. आळीकडे म्हणजे आक्कांकडे होतं.

संध्याकाळी त्या पाटी घेऊन निघत. बाजरीची, ज्वारीची, जाड, पातळ, सगळी भाकरी एकावर एक पडे. एकदा पुढच्या घरातल्या सूनबाईंनी आपल्या भाकरी वेगळ्या, भरतकामाच्या रुमालात बांधून दिल्या. मागच्या घरांच्या भाकरींना लागू नयेत, हा हेतू न बोलता कळत होता. आक्कांनी दारातच गाठ सोडली. "भाकर हाय ती, नवरी न्हाई," म्हणाल्या, आणि मागच्या घरांच्या भाकरींत त्या हाताने मिसळल्या. खोलीतल्या बिहारी बाईला भाकरी येत नव्हती, तिने लाजत पुऱ्या दिल्या. "चालतंय की. पोट भरल्याशी मतलब." पाटीत गेली की भाकर कुणाची राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसरा नियम याहून कडक होता. आपण होऊन कुणी जेवण घेऊन जायचं नाही. "तुम्ही सगळ्या निघाला, की एका वक्ताला ढीग आन् दुसऱ्या वक्ताला उपास. आन् कुणी काय आणलं हे रडणाऱ्या माणसानं ध्यानात ठेवायचं व्हय? तुम्ही थापा, मी नेते." हे बायकांना सोयीचं होतं. थापून ठेवलं की काम संपत असे.

सहलीला त्या कधी आल्या नाहीत. मंडळाच्या अध्यक्ष, ज्यांना सगळ्या वहिनी म्हणतात, दर वर्षी आग्रह करायच्या.

"आक्का, यंदा तरी चला."

"मी तिकडं गेले आन् इकडं कोण गेलं तर?"

"कुणी जात न्हाई. तुम्ही माघारी येईस्तोवर समद्यांना थांबायला सांगते."

यावर आक्का सगळ्यांपेक्षा जास्त हसल्या होत्या.

मग आबा गेले. आबा त्यांचे यजमान; कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते, काही महिने अंथरुणावर होते. सगळी आळी मयताला गेली. बायका आक्कांना धरून बसल्या, रडल्या. दौंडहून त्यांची मुलगी सुरेखा सासरच्या माणसांसह आली. स्मशानातून माणसं परतली, अंघोळी झाल्या, आणि ज्या-त्या घरात तवा चढला.

त्या संध्याकाळी बहुतेक घरांत दोन भाकरी जास्त झाल्या होत्या. त्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या गेल्या. न्यायला कुणी आलं नाही. पाहुणे कमी असतील, आपल्या घराची गरज लागली नसेल, असं ज्याच्या-त्याच्या घरात ठरलं. नंदाने पिठलं केलं नाही, कारण तिला कुणी सांगायला आलं नाही. वहिनींना वाटलं, नंदा बघत असेल. माझ्या घरातही फडकं रात्रभर तसंच होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच झालं.

तिसऱ्या दिवशी सावडण्यानंतर नंदा दहाव्याचं विचारायला गेली. ओट्यावर वडापावचे कागद पडलेले होते. सुरेखा ते गोळा करत होती.

"मावशी, माझ्या सासऱ्यांनी दोन दिवस हायवेवरचा वडापाव खाल्लाय," ती म्हणाली. "मी म्हणलं, गॅस पेटवते. तर आई म्हणती, थांब, येतील. ताटं धुऊन ठेवली होती तिनं."

नंदा तिथून धावतच आली. त्या दुपारी आळीत जितक्या भाकरी झाल्या तितक्या कुठल्याही मयताला झाल्या नसतील. कुणी वांगं केलं, कुणी भात. बोलावणं न येता सगळ्या निघाल्या, आणि आक्कांच्या दारात गर्दी झाली.

आक्का बाहेर आल्या. हातांना पीठ होतं.

"चूल पेटली आता," त्या म्हणाल्या. "पेटल्या चुलीवर मयताची भाकर घेत न्हाईत. दुसरं मयत मागितल्यासारखं हुतं. न्या माघारी."

वहिनी म्हणाल्या, "आक्का, चुकलं. शिव्या द्या आम्हाला."

"शिव्या कशापायी?" त्या खरोखरच विचारत होत्या. "मीच विचार करीत हुते, सांगायला मी फिरायचं का काय. पर मयताच्या घरचं माणूस कुणाच्या दारात कसं जाईल? मला काय समजंनाच."

मग आक्कांनी सगळ्यांना आत बोलावलं. उन्हाचं आला आहात, चार घास खाऊन जा, म्हणाल्या. नाही म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. आणलेली भांडी बाहेर ओट्यावर झाकून ठेवून आम्ही ओळीने बसलो. सुरेखाने ताटं मांडली, आक्कांनी पिठलं-भाकरी वाढली, आणि कुणाला मीठ हवं का ते विचारत राहिल्या.

दहावं-तेरावं झाल्यावर त्या लेकीकडे दौंडला गेल्या. मंडळाने आता घरांच्या पाळ्या लावल्या आहेत. ज्या दोघींची पाळी असेल त्या फिरतात. अजून एकदाही चूक झालेली नाही. वार्षिक सभेत वहिनींनी हा उपक्रम म्हणून वाचून दाखवला. हळदीकुंकवाला आणि सहलीला टाळ्या पडल्या होत्या. याला कुणी वाजवल्या नाहीत.