डेल्फिनाची वेगळी नळी

इतागुआ गावात कुणाकडे जायचं तर फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या, आतून हाक आली की मगच पाऊल टाकायचं. त्या सकाळी डेल्फिना रोलोन स्वयंपाकघरात लेसची चौकट मांडीवर घेऊन बसली होती, नवरा परसात कोंबड्यांशी भांडत होता, आणि टाळ्या न वाजताच थेट दारावर थाप पडली. प्रकरण गंभीर आहे हे डेल्फिनाने तेव्हाच ओळखलं.

दारात पोर्फिरिया. डेल्फिनाच्या लेकीची ती धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. तिच्या एका हातात गार पाण्याचा थर्मास, दुसऱ्या हातात शिंगाचा पेला, त्यात तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यात भिजवून नळीने ओढायच्या चहाचा, पाला आणि एक नळी. ओठावर मक्याच्या दाण्याएवढा ताजा फोड.

डेल्फिनाची नजर त्या फोडावर जी खिळली ती हलेना.

लेस विणणाऱ्या बायका रोज आंब्याखाली गोल करून बसत. सगळ्यांत मिळून पेला एक, नळी एक, ओतणारी पोर्फिरिया. पेला परत देताना जी 'ग्रासियास', म्हणजे आभार, म्हणेल तिचं त्या दिवसापुरतं पुरे झालं असं समजायचं. डेल्फिना मात्र हिवाळ्यापासून पेला हातात यायच्या आधीच ग्रासियास म्हणून मोकळी व्हायची. आधी तिने दाढदुखी सांगितली, पण ती दाढ कधीच पडलेली, हे गावाला ठाऊक. मग माउली मेरीचा नवस सांगितला. शेवटी बर्फाने डोकं दुखतं म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी चौकात बर्फाचा गोळा खाताना सापडली.

पोर्फिरिया खुर्ची ओढून बसली. गोलातलं मत तिने सविस्तर सांगितलं. कुणी म्हणे डेल्फिना कुठल्या नव्या कडक पंथाच्या चर्चमध्ये गेली, कुणी म्हणे तिच्या लेसला राजधानीत भाव आल्यापासून आमची उष्टी नळी तिला खुपते.

"आणि तुला काय वाटतं?" डेल्फिनाने विचारलं.

"मला वाटतं, तू माझ्यावर रागावलीस. आता माझ्या हातचा एक पेला पी, नाहीतर का नको ते सांग."

एवढं बोलून ती हक्काने बर्फ घ्यायला उठली. डेल्फिना चौकट बाजूला ठेवेपर्यंत फ्रीज उघडला गेला होता. उकडलेल्या कसाव्याच्या कंदांच्या भांड्याशेजारी इंजेक्शनांचा डबा.

"कोमाद्रे, घरात एकही गाय नाही. टोचतेस कुणाला?"

"स्वतःला."

मग सगळं सांगावंच लागलं. बोटं आखडून सुईसुद्धा धरता येत नव्हती, ते दिवस पोर्फिरियाने पाहिलेलेच होते. डॉक्टर म्हणाले होते, शरीरातले पहारेकरी चळलेत, घरच्यांनाच चोर समजून बडवतायत. ह्या औषधाने त्यांना पेंग येते, बोटं सुटतात. पण खरा चोर आला तरी त्यांना लवकर जाग येत नाही. सर्दी, फ्लू, ओठावरचा फोड, सगळ्यांनाच दार उघडं. मागच्या हिवाळ्यात गोलातून घेतलेल्या एका सर्दीने तिला थेट इस्पितळात नेलं. ताप उतरेपर्यंत इंजेक्शन बंद, आणि बोटं पुन्हा कोंबडीच्या पायासारखी.

पोर्फिरियाने हळूच ओठावर हात ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली. मग आणखी मागे. भिंत लागल्यावर थांबली.

"ती सर्दी माझीच होती ना?"

"नाक तर तुझंच गळत होतं."

"आणि मी तुला ताकद यावी म्हणून ह्या पाण्यात मुळ्या कुटून आणल्यात," पोर्फिरिया खिन्नपणे म्हणाली. "पहारेकरी जागे करणाऱ्या."

डेल्फिनाला हसू आवरेना. परसातून नवऱ्याने विचारलं, कोण मेलं काय. कुणी नाही, म्हणून सांगितलं.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमची नळी नको म्हटलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मला तुमची किळस येते. नाहीतर मलाच काही घाणेरडं झालंय. आणि मग मला कुणी बोलावलंच नसतं."

पोर्फिरियाच्या हातातल्या पेल्याला घाम सुटला होता. डेल्फिनाने कपाटातून आपल्या आईचा शिंगाचा पेला काढला, त्यात दुकानातून आणलेली नवी नळी ठेवली, आणि दोन्ही टेबलावर पोर्फिरियाच्या बाजूला सरकवलं.

"उद्यापासून माझा नंबर आला की ह्यात ओत, कोमाद्रे. फक्त माझा नंबर गाळू नकोस."