दोन घरं जास्त

टेंभुर्णीत बेबीनंदाला सगळे फोटोवाली म्हणूनच ओळखतात. तिच्या नवऱ्यानं, कडूबानं, सत्त्याऐंशी साली बसस्टँडजवळ स्टुडिओ टाकला तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि संध्या पाळण्यात होती. पोरीच्याच नावाची पाटी लावली. कडूबा लग्नाचे, बारशाचे, मयताचे फोटो काढायचा, त्यात काही अडत नव्हतं. पण लग्नाच्या पोरी परपुरुषापुढं बसल्या की मान वर करायच्या नाहीत. कंटाळून एके दिवशी त्यानं कॅमेरा बायकोच्या हातात दिला आणि दाराबाहेर जाऊन बसला. तेव्हापासून स्थळांना दाखवायच्या फोटोचं काम बेबीनंदाकडं गेलं, ते कायमचंच.

हात तिचा जात्याच चांगला. कोणता रोल चेहऱ्यावर लाली चढवतो, कोणता पिवळेपणा आणतो, हे ती दोन वर्षांत शिकली. आणखी एक गोष्ट ती आपली आपणच शिकली. पोरगी सावळी असली की उजेड मोजणारा मीटर सांगेल त्याच्यापेक्षा लेन्सची रिंग एक घर जास्त उघडायची, अगदी काळी असली की दोन घरं. उजेड जास्त आत जायचा आणि रंग उडायचा. रोल जालन्याला धुवायला पाठवताना ती सोबत चिठ्ठी द्यायची, कलर वाढवू नका. प्रिंटमध्ये पोरगी गव्हाळ होऊन यायची. जाफराबाद, भोकरदन, राजूरपर्यंतच्या बाया पोरींना घेऊन टेंभुर्णीला यायला लागल्या. बेबीनंदाला त्यात खोटं काही वाटलं नाही. ती म्हणायची, "फोटोनं नुसतं दार उघडतं. मंग पुढं पोरीनं पाहून घ्यायचं."

दोन हजार सात साली तिनं संध्याचा फोटो काढला, दोन घरं जास्त उघडून. शहागडच्या धम्मपालनं तेवढा एक फोटो पाहून पुण्याच्या कंपनीतूनच होकार कळवला. त्याचे वडील आणि चुलता येऊन गेले, तेव्हा संध्याच्या तोंडावर पावडरीचा थर होता. विहारात लग्न लागलं. तीन वर्षांनी संध्या एक पेटी घेऊन परत आली. का आली, हे ना कुणी विचारलं, ना तिनं सांगितलं. पुढं कडूबा वारला, रोल बंद झाले, डिजिटल आलं, झेरॉक्सचं मशीन आलं. दुकान संध्याच चालवायला लागली. गावाचे पासपोर्ट फोटो ती काढायची, पण स्वतः कॅमेऱ्यापुढं बसली नाही. आता तिनं अडतिशी गाठली होती.

यंदा जानेवारीत राजनंदिनी आली. ही गावातल्या भुजंगरावांची नात, पुण्यात फोटोग्राफी करते. तिनं काउंटरवर दोन रोल ठेवले.

"मावशी, हा नवीन निघालाय. कलरच आहे, पण नव्या कंपनीचा. पुण्यात सगळे याच्या मागं लागलेत. मला प्रदर्शनाआधी ट्रायल करायचीय, आणि रोलवर तुमच्याइतका हात मी कुणाचा पाहिला नाही."

बेबीनंदानं डबी उघडून रोल नाकाशी धरला. दहा-बारा वर्षांत तो वास आला नव्हता. "किती एएसए?" तिनं रोलचा वेग विचारला.

"दोनशे. एक सांगून ठेवते, हा जुन्या रोलसारखा सांभाळून घेत नाही. उजेड जास्त झाला की गेलंच. मीटर सांगेल तेवढंच ठेवायचं, आणि प्रत्येक फोटोला रिंग कितीवर होती ते वहीत लिहायचं. लॅबला मी सांगितलंय, दुरुस्ती काही करायची नाही. जसं पडलं तसं बघायचंय." मग ती संध्याकडं बघत म्हणाली, "आणि मला सावळे चेहरे हवेत. हा रोल सावळा रंग फार सुंदर पकडतो म्हणतात. संध्याताई बसतील का?"

संध्या मशीनमध्ये कागद भरत होती. ती मागं न वळता म्हणाली, "न्हाई."

राजनंदिनी पुण्याला गेली. बेबीनंदानं कपाटातला कॅमेरा काढला, लेन्स पुसली, मीटरचा नवा सेल आणवला. पाठीला पोक आलेली ती बाई आठवडाभर वेगळीच चालत होती. तिनं शेजारच्या झुंबरबाईला बसवलं, गिरणीवाल्या आदिनाथला बसवलं, बाजारात भाजी-माळव्याला बसणाऱ्या बायांना बसवलं. दुकानामागची पांढरी भिंत, सकाळी साडेनऊचा उजेड. प्रत्येक वेळी मीटरचा काटा मधोमध आणायचा, वहीत आकडा लिहायचा. आणि रोज ती संध्याच्या मागं लागायची.

"अगं, हा काय कुठं पाठवायचा फोटो हे का? नुसती ट्रायल."

संध्या चार दिवस मशीनमध्ये कागद भरत राहिली. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "जशी हे तशीच येईल? मीटर सांगल तेवढंच?"

"तेवढंच."

"बिलकुल तेवढंच?"

"आता काय लिहून देऊ का तुला?"

दुसऱ्या दिवशी संध्या पिवळी साडी नेसून भिंतीसमोर उभी राहिली. केस चोपून बसवलेले, चेहरा नुसता धुतलेला. बेबीनंदानं पावडरीचा डबा आणला होता. संध्यानं एकदाच त्याच्याकडं पाहिलं, तसा आईनं तो खाली ठेवला. आदिनाथची गिरणी चालू होती, त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. बेबीनंदानं मीटर पाहिला. काटा मधोमध आला तेव्हा रिंग आठवर होती. तिनं फोकस केला.

कॅमेऱ्यातून पोरीचा चेहरा जवळ आला. काळा, कपाळावर दोन रेघा, डोळ्यांखाली अजून काळा. पण ती नीट उभी होती, हनुवटी वर करून, कधी नव्हे ते कुणाला तरी चेहरा देत. बेबीनंदाच्या मनात आलं, हा चेहरा पुण्यातले लोक पाहतील. मोठा करून भिंतीला लावतील. तिची बोटं रिंगवर होती. रिंग एक घर सरकली, मग आणखी एक. आठवरून चारवर आली, म्हणजे उजेड चौपट. आपण काय केलं, हे तिला कळलं होतं. परत फिरवायला एक क्षण पुरला असता. तिनं बटन दाबलं. मग दुसरा काढला, तिसरा काढला. तीन वेळा तिला परत फिरवता आलं असतं.

"झालं?" संध्यानं विचारलं. ती थोडी हसत होती.

"झालं. लई चांगली आलीस."

वहीत मात्र तिच्यानं खोटं लिहवलं नाही. धंद्याची सवय. एकोणीस, वीस, एकवीस या आकड्यांपुढं तिनं चार लिहिलं आणि वही फडताळात सरकवली. रोल संपला तसा पुण्याला पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी राजनंदिनी लॅपटॉप घेऊन आली. तिघी काउंटरशी बसल्या. पहिला फोटो झुंबरबाईचा उघडला आणि बेबीनंदानं चष्मा सारखा केला. म्हातारीची कातडी तंबाखूच्या पानासारखी, सुरकुती न सुरकुती वेगळी, आणि त्या सगळ्यावर सकाळचा उजेड तेलासारखा पसरलेला. असा रंग तिच्या कोणत्याच रोलनं कधी दिला नव्हता. आदिनाथच्या भुवयांवरचं पीठ दिसत होतं. संध्या पुढं वाकून बघत होती. अठरावा झाला. राजनंदिनीनं एकोणिसावा उघडला.

चेहरा नव्हताच. कपाळ, नाक, गाल मिळून एक पांढरट गुलाबी धब्बा होता, त्यात डोळ्यांच्या जागी दोन करडे डाग. पिवळी साडीसुद्धा धुऊन निघाली होती. विसावा तसाच, एकविसावा तसाच.

"इथं उजेड बदलला असेल," राजनंदिनी हळूच म्हणाली.

"उजेड बदलला न्हाई," संध्या म्हणाली. "बाविसावा दावा."

बाविसावा माळव्यावाल्या बाईचा होता. त्याच भिंतीसमोर, त्याच सकाळी काढलेला. त्यात बाईच्या हनुवटीवरचं गोंदण मोजून घ्यावं इतकं स्पष्ट होतं.

संध्या उठली, फडताळातून वही काढली आणि पानावर बोट ठेवून वाचलं, "अठरा, आठ. एकोणीस, चार. वीस, चार. एकवीस, चार. बावीस, आठ." वाचून तिनं वही मिटली. बेबीनंदा काउंटरच्या काचेकडं पाहत होती.

"माझ्या हातानं..." ती म्हणाली.

"दुसरा रोल कुठं हे?" संध्यानं राजनंदिनीला विचारलं. "तो मला द्या. छत्तीसच्या छत्तीस हिचेच काढते."

सहा दिवस, रोज सहा. साडेनऊचा उजेड संध्याला नको होता. भर बाराच्या उन्हात अंगणात ती लोखंडी स्टूल ठेवायची आणि आईला बसवायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "चष्मा काढ." मग म्हणाली, "कवळी काढ." बेबीनंदानं कवळी काढून पदरात धरली. "पदर डोक्यावरून खाली घे." विरळ केसांतून टाळू दिसत होती. ना म्हणायचं तोंड बेबीनंदाला राहिलं नव्हतं, ती सांगेल ते करत गेली.

आणि फोटो काढता काढता संध्या बोलायला लागली. पंधरा वर्षांत जे बोलली नव्हती ते, रोज एकच गोष्ट, मीटर वाचावा तशा आवाजात.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "लग्नात हार घालताना नवऱ्यानं मला पाह्यलं, अन् चुलत्याला विचारलं, ही कोन हे? तू त्याच टायमाला फोटो काढून राह्यली व्हतीस. मान सरळ."

दुसऱ्या दिवशी सांगितलं, "सासूनं तो फोटो फ्रेम करून ओसरीत लावला. पाहुण्या बाया आल्या की मला त्याच्याबाजूला उभी करायची. म्हनायची, फोटोत हे ती आमची सून, अन् ही बाजूला उभी हे ती तिची मोलकरीण. बाया हासायच्या. मलाबी हासावं लागायचं."

तिसऱ्या दिवशी, "नणंदेच्या लग्नात मला कडब्याच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी लावून. सकाळपासून वऱ्हाड जाईपर्यंत."

चौथ्या दिवशी, "लिंबू अन् खायचा सोडा लावून तोंड घासलं माझं. सासू-नणंदेनं धरलं व्हतं. सालटं निघालं. तू पंचमीला आल्तीस तवा म्हनलीस, पोरी, तुझा रंग उजळला."

त्या दिवशी बेबीनंदाच्या डोळ्यांतून पाणी आलं. उन्हानं असेल किंवा दुसऱ्या कशानं. संध्या थांबली. "पुस," ती म्हणाली. "ओलं तोंड चमकतं, मीटर चुकतो." तिनं पुसलं.

पाचव्या दिवशी संध्यानं आधी चार फोटो काढले. मग म्हणाली, "दिवस गेल्ते मला. तिसरा महिना. पोरगी असली अन् माझ्यावानी झाली तर तिचा फोटो कोन काढील, म्हनली सासू. गोळ्या देल्या. मंग परत कधी राह्यलंच न्हाई."

बेबीनंदा स्टुलावरून उठायला लागली. "हलू नको," संध्या म्हणाली. "दोन राह्यलेत."

सहाव्या दिवशी बेबीनंदा आपणहून कवळी काढून बसली होती. सगळं सांगून झालं असेल असं तिला वाटलं. संध्यानं पाच फोटो काढले आणि कॅमेरा खाली घेतला.

"गोळ्या देल्या त्याच्या आधी फोन केल्ता मी. एसटीडीवरून. बाबानं न्हाई, तू उचलला. मी म्हनले, मला घेऊन जा. तू काय म्हनलीस ते ध्यानात हे का?"

बेबीनंदाला आठवत होतं. वाक्य न वाक्य आठवत होतं.

संध्याच बोलली. "तू म्हनलीस, एवढा चांगला फोटो काढून देला, आता जरा तुझं तू निभाव."

मग तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि शेवटचा फोटो काढला.

पुण्यात प्रदर्शन लागलं, तेव्हा राजनंदिनीनं आपले स्वतःचे फोटो कमी करून संध्याचे अकरा लावले. छत्तिसावा सगळ्यात मोठा, दारातून आत गेल्या गेल्या समोर. त्याची एक प्रिंट तिनं टेंभुर्णीला पाठवली. बेबीनंदानं ती दुकानाच्या दारात, उजेडात धरून पाहिली. दात नसलेलं, अर्धवट उघडं तोंड. मोतीबिंदू धरलेला डोळा. मानेच्या शिरा. आणि रंग काळा, थेट संध्याचाच. पोरगी बापावर गेली, असं ती आयुष्यभर सांगत आली होती. तिनं फोटोशेजारी आपला हात धरून पाहिला. मग नजर फोकसवर गेली, डोळ्याच्या पापणीवर गेली, कपाळावरच्या उन्हावर गेली. उजेडानं कुठंही काही जळलं नव्हतं, अंधारात कुठंही काही बुडालं नव्हतं.

"बराबर हे," ती म्हणाली.

संध्या पेटी भरत होती. राजनंदिनीच्या ओळखीच्या लॅबमध्ये रोल धुवायचं काम तिनं धरलं होतं. "ते मला माहीत हे," ती म्हणाली.

"लोकांनी मला अशी पाह्यली, संध्या. तुझं मन भरलं का?"

"न्हाई."

बेबीनंदा तिच्यामागं बसस्टँडपर्यंत गेली. वाटेत झुंबरबाई भेटली. तिनं विचारलं, "लेक कुठं चालली?" संध्यानंच सांगितलं, "पुण्याला, कामाला." जालन्याची गाडी आली. बेबीनंदानं पेटीला हात लावला, तर संध्यानं तो हात काढून पेटी स्वतःच वर ठेवली.

आता दुकान म्हातारीच चालवते. पासपोर्ट फोटो काढते, फोटो हलला तर परत काढते. संध्या दर पंधरवड्याला फोन करते. मशीनची शाई आणली का, पंखा दुरुस्त केला का, एवढंच विचारते. बेबीनंदा हो म्हणते. मग तिकडून फोन बंद होईपर्यंत ती तो कानाला धरून उभी राहते.