रगतमामांची काट

बाजारच्या दिवशी मी एका बाईला चौदा तपासण्या लिहून दिल्या आणि तिची पापणी ओढून बघायला विसरलो. ताडकळसला दवाखाना नवा, माझी डिग्री नवी. चिठ्ठीची एक बाजू पुरेना म्हणून मागेही लिहिलं.

शेजारच्या गाळ्यात रगतमामांची लॅब. अख्खं गाव त्यांना याच नावानं हाक मारी. तपासण्यांवरच पोट असलेला हा माणूस माझ्या चिठ्ठ्यांवर लाल पेनानं काट मारायचा. सवाल ठरलेला. "जवाब काहीबी आला तरी गोळी तीच देनार का? मग मारा काट."

"मामा, धंदा तुमचाच बुडायलाय," मी म्हणायचो.

"बुडू द्या. सुई मला टोचावी लागती, तुमाला न्हाई."

तर ती बाई. पोखर्णीची, चार पावलं चालली की धापा टाकणारी. माझी चिठ्ठी तिनं चौघडी करून कनवटीला खोचली आणि थेट एसटीची वाट धरली. मामांनी दारातून हटकलं, "कुटं निघाल्या ताई?"

"घरी. चौदा तपासन्या म्हंजी लय मोठं दुखनं आसंल. मरायचं तं घरीच मरते."

मामांनी तिला उन्हात उभं केलं, पापणी ओढली. आत लाली कसली, नुसता पांढरा कापूस. मग हळूच विचारलं, "ताई, माती खाता का?"

तिनं तोंडाला पदर लावला. "माती न्हाई. लेकराच्या पाटीवरच्या पेनशिली."

मग मला बोलावून माझीच उलटतपासणी झाली.

"जंत कशाला बघायलाव? जंताची गोळी तं तशीबी देनार ना?"

"देणार."

काट. असं करत एकटं हिमोग्लोबिन उरलं. ते इतकं कमी निघालं की माझी मान त्याच्याही खाली गेली. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. दोनेक महिन्यांनी बाई भाजीची पिशवी घेऊन पायऱ्या चढून आली, धाप नाही. म्हणाली, "आता लेकराला पेनशिली पुरायल्यात."

तेव्हापासून मी पापणी बघतो. पायात काटा मोडलेल्याचीही बघतो.

परवा मामा लॅब बंद करून लेकीकडे सोनपेठला निघाले. निरोपाला मी चार पानी भाषण लिहून नेलं. दुसऱ्याच वाक्याला मामांनी कागद काढून घेतले आणि खिशातलं लाल पेन उघडलं.

"हे समदं वाचल्यावर माझं जानं थांबनार हाय का?"

"नाही."

"मग मारा काट. पापनी बघायला शिकलात, पन लांबड लावायची खोड काय जाईना तुमची."