अस्तरातले कागद

बियालिस्तोकच्या घेटोत, जर्मनांनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, हिंदा जर्मन सैन्याचे हिवाळी कोट शिवायची. तिच्या बाकावरच्या बायका बगलेत मुद्दाम कुजक्या दोऱ्याने कच्चे टाके घालत. थंडीत बाही उसवलीच पाहिजे. पकडलं तर सरळ गोळी. पण या धाडसाबद्दल हिंदाला कोणी शाबास म्हटलं नव्हतं.

सगळं कौतुक धाकट्या बहिणीचं, बाशाचं. सोनेरी केसांची बाशा गळ्यात क्रूस घालून, पोलिश मुलगी म्हणून घेटोबाहेर राहायची आणि पावात काडतुसं लपवून आणायची. ती आली की उठावाची तयारी करणाऱ्या गटाचा म्होरक्या मोटेल आपल्या वाटणीचा पाव तिच्यापुढे ठेवायचा. हिंदाचा मोटेलवर दोन वर्षं जीव होता. त्याला पत्ताही नव्हता.

एका दुपारी तोच आला. "एवढी खोटी ओळखपत्रं बाशाच्या कोटाच्या अस्तरात शिवून दे. तासाभरात ती कामगारांच्या टोळीतून बाहेर पडेल."

"दर वेळी बाशाच का?"

"तुला तर फाटकावरचा आंधळाही ज्यू म्हणून ओळखेल!" मोटेल हसला.

हिंदाच्या काळजात सुई गेली. तिने तोच कुजका दोरा ओवला, तेच कच्चे टाके घातले. हात थांबवावेसे तिला वाटले नाहीत.

बाशाने कोट चढवला. "ताई, तू अजून आईजवळच झोपतेस?"

"मग काय, राजवाड्यात?"

"फार हेवा वाटतो गं तुझा. झोपेत आपली यिद्दिश भाषा बोलेन या भीतीने मी तोंडात रुमाल कोंबून झोपते."

हिंदाने तिच्या कोटाची कड धरली. मग म्हणाली, "काढ तो कोट."

"आत्ता? टोळी निघाली!"

"काढ म्हणते ना!"

तिने अस्तर टराटरा उसवलं आणि दुहेरी दोऱ्याने पुन्हा शिवायला बसली. दारातून मोटेल ओरडला, "जळतेस म्हणून उशीर करतेस का?" तिने मान वर केली नाही. बाशा धावत जाऊन शेवटच्या रांगेत मिसळली. फाटकावर पोलिसाने कोट ओढून, झटकून पाहिला. शिवण टिकली. त्या कागदांवर पुढे चार जणी सुटल्या.

ऑगस्टमधल्या उठावात मोटेल कुंपणापाशी पडला. आईला गाडीत कोंबून नेलं. बाशा जंगलातून वाचली, हिंदा छावणीतून. दोघी हैफात शेजारी शेजारी राहिल्या. दरवर्षी स्मृतिदिनाला बाशा व्यासपीठावर बोलायची. हिंदा तिसऱ्या रांगेत बसायची आणि सगळ्यांच्या टाळ्या थांबत आल्यावर टाळ्या वाजवायची.

कोटातल्या त्या पहिल्या, कच्च्या टाक्यांची गोष्ट तिने बाशाला कधीच सांगितली नाही.