भाऊंचं वजन

"पहिले पोट बठस, मंग मी बठस."

गाडीत चढताना भाऊ हे रोज म्हणत. ड्रायव्हरच्या दाराशी थांबायचं, श्वास आत ओढायचा, सीट आणि स्टेअरिंगच्या मधल्या जागेत आधी पोट सरकवायचं आणि ते नीट बसलं की बाकीचा देह मागून आणायचा. मग आरशातून माझ्याकडे बघत, "चाल मास्तर, मार डबल." मी बेलची दोरी दोनदा ओढायचो आणि आमची धडगावची गाडी निघायची. मी कंडक्टर, म्हणून मास्तर.

शहाद्याच्या स्टँडवर तुमचं जाणं-येणं असेल, तर तुम्ही त्यांना पाहिलं असणार. पन्नाशीचा माणूस, वजन शंभरीच्या बरंच पुढे, खाकी शर्टाचं पोटावरचं बटण कायम तुटलेलं आणि तिथे सेफ्टी पिन. कळसाडीचे राहणारे. घरचा ऊस-कापूस थोरला भाऊ बघायचा, हे नोकरीला. खरं नाव फक्त हजेरीपुरतं. आगारात सगळ्यांचे ते भाऊ.

घाटात त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. वळणावर ते गाडीला ओढत नसत, समजावत असत. पाड्यावरच्या बायका कोंबड्या-टोपल्या घेऊन रस्त्यात उभ्या दिसल्या की थांबा असो-नसो, गाडी थांबायची. त्या पावरी बोलीत बोलायच्या, हे अहिराणीत, आणि दोघांचं मजेत जमायचं. मागे कोणी खड्ड्यांबद्दल कुरकुरलं की म्हणायचे, "गाडी उडस नही. मी बठेल शे ना!"

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला आम्ही जादा गाडी घेऊन जायचो. पाय ठेवायला जागा नसायची. एकदा दारात लोंबकळणारा कुणी ओरडला, "ड्रायव्हरला उतरवा, चार माणसं बसतील!" सगळी गाडी हसली. सगळ्यांत मोठ्याने भाऊ.

पण एक गोष्ट पहिली दोन-तीन वर्षं माझ्या लक्षात आली नव्हती. भाऊ कँटीनमध्ये कधी जेवायचे नाहीत. धडगावला गाडी रिकामी झाली की मागच्या सीटवर जाऊन, खिडकीकडे तोंड करून डबा उघडायचे. मी एकदा म्हटलं, चला ना सगळ्यांबरोबर. घास गिळून झाल्यावर ते म्हणाले, "लोके घास मोजतस, मास्तर."

त्यानंतर मीही माझा डबा मागच्या सीटवर आणू लागलो.

दुखणं आलं ते घाटातच. उताराचं वळण संपलं आणि भाऊंनी गाडी हळूच कडेला, डोंगराच्या अंगाला लावली. "मास्तर, चाकले दगड लाव." मला वाटलं ब्रेकचं काही झालं. मी खाली उतरून दगड लावला, वर येऊन पाहतो तर भाऊंनी शर्ट छातीवर मुठीत धरलेला आणि कपाळावरून घाम धारेने चाललेला. "लावा का दगड?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि डोळे मिटले. मागून आलेल्या जीपमध्ये त्यांना चढवायला सगळे पुरुष प्रवासी लागले. तेवढ्या वेदनेतही ते प्रत्येकाला म्हणत होते, "जड शे भो मी, कंबर सांभाळ."

शहाद्याहून सुरत. तिथे हृदयाच्या नसेत जाळी बसवली. डॉक्टरांनी बजावलं: वजन उतरवा, नाहीतर हृदय साथ देणार नाही. स्टेअरिंग सुटलं. भाऊंना आगारात हलकं काम मिळालं, खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारायच्या. धडगावची गाडी पुकारताना त्यांचा आवाज जरा रेंगाळायचा. मी नव्या ड्रायव्हरबरोबर निघायचो, ते खिडकीतून हात करायचे.

मग माणूस इरेला पेटला. स्टँडभोवती सकाळ-संध्याकाळ फेऱ्या. डब्यात एक भाकरी, पालेभाजी, ताक. स्टँडवरच्या रंगीत दिव्यांच्या वजनकाट्यावर ते उभे राहत तेव्हा हमालसुद्धा गोळा व्हायचे. काटा खरंच उतरत होता. "देख, पट्टाले नवं भोक पाडं," ते शर्ट वर करून दाखवत. "डॉक्टरनी हो म्हटलं का एक डाव घाट चढसू. मंग घर बठाले सांगा, बठसू."

तेवढ्यात करोना आला. गाड्या आगारात रांगेने उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी भाऊंना फोनवर सांगितलं, तुम्ही हृदयाचे पेशंट, त्यात वजन जास्त, घराबाहेर पडू नका. भाऊ कळसाडीला एका खोलीत बसून राहिले. फेऱ्या बंद. दिवसभर टीव्हीवर मेलेल्यांचे आकडे. बायकोला वाटायचं, निदान चांगलं खाऊ तरी दे. मी फोन केला की म्हणायचे, "भीती वाटस आनि तोंड चालस. पट्टा परत जुना भोकवर उना, मास्तर."

दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, आम्ही दोघेही सापडलो. आगार सुरू झालं होतं, भाऊही माईकवर परतले होते; कोणाकडून कोणाला लागलं कोण जाणे. सरकारी दवाखान्यात भाऊंच्या शेजारची खाट रिकामी झाली तशी मी ती मागून घेतली. मला ताप होता, खोकला होता, पण श्वास चालत होता. त्यांचा चालत नव्हता. नाकातोंडावर मास्क, बोटाला चिमटा, आणि त्यावरचा आकडा खाली खाली.

तरुण डॉक्टर आला, म्हणाला, "काका, पालथे झोपा. फुप्फुसाला जागा मिळेल."

"साहेब, मन्हं पोट मले पालथं पडू देस नही."

चेष्टा नव्हती ती. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ते गुदमरले. मग सिस्टरने उशा मागवल्या. छातीखाली एक चळत, मांड्यांखाली एक, मध्ये पोटासाठी पोकळी. सिस्टर, वॉर्डबॉय आणि मी मिळून त्यांना वळवलं. मास्कच्या आतून आवाज आला, "पोटले बी रिझर्वेशन दिनं सिस्टरनी." आकडा थोडा वर आला. सिस्टरच्या चष्म्याच्या काचा वाफेने भरल्या होत्या. ती हसली की रडली, मला कळलं नाही.

त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. एका दुपारी त्यांनी डॉक्टरला थेट विचारलं, "वजनमुळेच ना, साहेब?"

तो खाटेजवळ वाकला. "हृदय आधीच अधू, वर वजन. अशांना हा आजार जड जातो, खोटं कशाला बोलू? पण काका, तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. श्वास घ्या."

भाऊंचं समाधान झालं नाही. थोरल्या भावाचा फोन आला, तोही तेच बोलला: "कितला डाव सांगं तुले, वजन कमी कर म्हनीसन!" तो रडत होता म्हणून असं बोलत होता, पण भाऊंना फक्त शब्द ऐकू आले. फोन ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. "मी कमी करेल व्हतं ना, मास्तर? तू देखेल शे ना?"

"पाहिलंय ना भाऊ. सगळ्या स्टँडने पाहिलंय."

समोरच्या खाटेवर धानोऱ्याचा एक शेतकरी होता. काटकुळा, माझ्याहून लहान, कसलंच जुनं दुखणं नसलेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला तो गेला. त्याला पांढऱ्या पिशवीत घालून नेलं, तेव्हा भाऊ मान तिरपी करून दारापर्यंत बघत होते. "याले काय व्हयेल व्हतं?" त्यांनी विचारलं. त्याच्या अंगाकडे बोट दाखवून कोणी काही बोललं नाही.

मला घरी सोडलं तेव्हा भाऊ पालथेच होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खाली श्वास धडपडत होता. "धडगाव उनं का उठाड," ते पुटपुटले. त्या आठवड्यातच आगारातून फोन आला. नगरपालिकेच्या माणसांनीच सगळं उरकलं. भाऊंच्या बायकोला, वहिनींना, रस्त्याच्या पलीकडून बघता आलं तेवढंच.

अंगात जरा बळ आल्यावर मी कळसाडीला गेलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. मी बसताच म्हणाल्या, "मीच खावाले घालं त्यासले. आते लोके म्हनतस, तूच मारं."

मला डॉक्टरसारखं काही समजावता येईना. मग जे ऐकलं होतं तेच सांगितलं. दवाखान्यातली बेचव खिचडी पुढ्यात आली की भाऊ मास्क बाजूला करून मला वहिनींच्या हातच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबद्दल सांगायचे. भरितात मिरची किती, कांद्याची पात कोवळी कशी लागते, सगळं. पलीकडच्या खाटेवरचा माणूससुद्धा कान देऊन ऐकायचा. तेवढा वेळ त्यांना भीती वाटत नव्हती.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग आत गेल्या आणि घडी न मोडलेला एक खाकी शर्ट घेऊन आल्या. वजन उतरत होतं तेव्हा भाऊंनी गुपचूप शिवून घेतला होता, जुन्यापेक्षा दोन मापं लहान, पुन्हा गाडीवर जायचं म्हणून. एकदाही घातला नव्हता.

"तुम्हले व्हयी. घालीसन दखाडा," त्या म्हणाल्या.

मी ओट्यावरच उभा राहून शर्ट चढवला. खांद्यात बरोबर बसला. पोटावर मात्र कापड सैल लोंबत होतं. वहिनी जवळ आल्या आणि त्यांनी ते कापड चिमटीत धरलं, शिंपी धरतो तसं.

"आठे ढिला पडस," त्या म्हणाल्या.

आणि चिमूट सोडेचनात. मी हात बाजूला धरून तसाच उभा राहिलो.