सरजामावशीचा लोटा

कुणी हे वाचलंच तर आधी माफी मागते. माझी शाळा चौथीवर थांबली. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही आणि माझं अक्षर ओळ सोडून खाली उतरतं. तरी सरजामावशीबद्दल लिहायचं आहे, कारण तिचं गाणं समोर बसून ऐकलेली माणसं आता पांढुर्ण्यात थोडीच उरली.

तिच्या घरात शिरलं की आधी कोपऱ्यातला पितळी लोटा दिसायचा. पाण्याने भरलेला, वर कडुलिंबाची डहाळी. डहाळी वाळली की ती नवी ठेवायची, पाणी आटलं की वरून भर घालायची, पण लोटा रिकामा होऊ देत नसे. कुणी हात लावला तर ओरडायची, "राहू दे वं! पाहुनी हाये घरात."

पाहुणी म्हणजे मातामाय. लेकराच्या अंगावर गोवर उठला की आमच्याकडे माता आली म्हणतात. मग सरजामावशीला बोलावणं जायचं. ती लोट्यात लिंब ठेवून गाण्याने मातेला बोलवायची, तिचं कौतुक करायची, तिला थंड करायची आणि शेवटच्या कडव्यात तिची बोळवण करायची. ज्याने गायला बोलावलं, त्याच्या कानावर बोळवण पडलीच पाहिजे, असा नेम. ती झाली की पाणी लिंबाच्या मुळाशी ओतायचं. तेव्हा माता आपल्या घरी गेली.

मी तिच्या मागे बसून झील ओढायचे, तिची ओळ मागून उचलायचे. पुढे बसून गाणं मला कधी जमलं नाही. मावशी हसायची. "हे कमल पाठीमांगून कोकिळा, न् समोर बसवली का मुकी." दिवसा आम्ही दोघी आडतीवर संत्री निवडायला जायचो. तिथे पेंढ्यात हात घालूनही तिचं शिकवणं चालू असे. "आवाज फेकू नको वं. सुपातून दाने सोडते, तसा सोड. अल्लाद."

एका उन्हाळ्यात वानखेडे गुरुजी हॉलंड देशातल्या एका दाढीवाल्या माणसाला घेऊन आले. तो गावोगावची गाणी टेपवर भरून नेत होता. मावशीने लोटा मांडला आणि गायला बसली. बोळवण तेवढी राहिली आणि कॅसेट संपली. दुसरी त्याच्याजवळ नव्हती. गाडीची वेळ झाली म्हणून गुरुजी उठले.

"एक कडवं राह्यलं ना गुरुजी," मावशी म्हणाली.

"चाल तीच आहे ना मावशी? मग समजलं त्याला."

जाताना त्याने तिच्या हातात पैसे ठेवले. तिने त्यातून घराच्या छपरावर नवे कवेलू घातले. पुढच्या साली तो येईल तेव्हा बोळवण ऐकवू, असं म्हणत लोटा कोपऱ्यात सरकवला, तेव्हापासून तो भरलेलाच. तो आला नाही.

आली ती त्याची कॅसेट, गुरुजींच्या पत्त्यावर. गुरुजींची बदली सौंसरला झाली होती, म्हणून आम्ही दोघी बसने तिकडे गेलो. गुरुजींनी सोबतची चिठ्ठी वाचून सांगितली. हॉलंडातल्या गाणाऱ्यांनी मावशीचं गाणं उचललं होतं. आवाज अलगद खाली सोडायची तिची रीत आता त्यांच्या स्वतःच्या गाण्यांतही शिरली होती. तिकडच्या आया लेकरं झोपवताना तेच गाणं म्हणत होत्या. मग त्यांनी टेप लावला. तारेच्या वाद्यांवर परक्या जिभा म्हणत होत्या, "ये वं माय, लिंबाच्या सावलीनं." बोळवणीच्या अलीकडे गाणं थांबलं.

गुरुजींनी घरातून पेढे आणले. "मावशी, तुम्ही तं फॉरेनले पोहोचल्या!"

मावशीच्या हातातला पेढा हातातच राहिला. "लेकराइच्या उशाशी म्हनतेत?"

"हो ना. रोज."

"रोज बोलावतेत तिले. न् घरी कोन पाठवते?"

"अहो, त्यांच्याकडे मातामाय नसते."

"आता हाये ना. म्याच पाठवली."

परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "नव्या कवेलूखाली झोप नाई येत कमल. सबन गान्याचे पैसे घेतले, देल्लं अर्धं."

बोळवण टेपवर भरून पाठवायची, असं गुरुजींशी ठरलं. पण त्याच हिवाळ्यात तिचा घसा बसला तो बसलाच. नागपूरच्या डॉक्टरांनी गाठ सांगितली. बोलणं कुजबुजीवर आलं. आता गाणार कोण? तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली.

ती रागावली नाही. इतकंच म्हणाली, "राहू दे. मी गेली का लोटा तुह्या घरी नेजो. डहाळी वाळू देऊ नको."

माझ्या घरात दोन लेकरं होती. पण खरं सांगायचं तर भीती त्यांना माता येईल याची नव्हती. लोटा सांभाळत ती जाणार, हेच मला सहन होईना. मीच गाते म्हणाले.

आम्ही पुन्हा सौंसरला गेलो. शाळेच्या रिकाम्या वर्गात गुरुजींनी टेप सुरू केला आणि माझा आवाज फुटेना. गुरुजी बाहेर जाऊन उभे राहिले. मावशी उठली आणि माझ्या पाठीमागे, माझ्या जागेवर जाऊन बसली. माझ्या पाठीवर बोटांनी ठेका धरला. कानाशी म्हणाली, "सूप हाती हाये. सोड."

"जाय वं माय, जाय वं माय, गार पावलानं." मी गायले. मागून ती झील ओढत होती. आवाज नव्हता, नुसता श्वास.

पाणी कसं ओतायचं ते लिहून गुरुजींनी टेप हॉलंडला पाठवला. उत्तर यायला फार दिवस लागले. तोवर ती खाटेला लागली होती. गुरुजी स्वतः येऊन वाचून गेले. आता शेवटचं कडवं म्हणताना तिकडचे लोक उठतात, पाण्याचं भांडं घेऊन बाहेर जातात आणि दाराशी जे झाड असेल त्याच्या मुळाशी ओततात. "लिंब नाही त्यांच्याकडे," गुरुजी चाचरत म्हणाले.

"चालते," ती पुटपुटली. "झाड हाये ना."

लोटा तिने स्वतः उचलला. मी कोपर धरला होता. लिंबाच्या मुळाशी पाणी ओतताना तिने थेंब बाहेर पडू दिला नाही. मग खाटेवर आडवी होऊन तिने वर कवेलूंकडे पाहिलं.

"कमल," ती म्हणाली, "आता हे कवेलू आपले. त्या दाढीवाल्या बाबूचे पैसे फिटले. पुरे फिटले."